चिचटोल्याचा दहा मैलांचा बोर्ड

सडकेच्या हापिसात जन्म काढलेल्या माणसाजवळ दोनच गोष्टी साठतात, धूळ आणि किस्से. धूळ अंघोळीबरोबर निघून जाते. किस्से मात्र जात नाहीत! चार जण चहाला बसले की एक वर येतो आणि त्याचं बोट धरून दुसरा येतो. आज एकच सांगायचा असं मी घरून ठरवून निघतो, आणि घरी परततो तेव्हा जेवण गार झालेलं असतं.

आज वेगमर्यादेचे सांगतो.

मी तेव्हा चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, नवाच कारकून लागलो होतो. आमचा मुलूख नुकताच मुंबई राज्यात गेला होता आणि पुण्याकडचे साहेब इकडे बदलून यायला लागले होते. आमच्या वाट्याला सबनीस साहेब आले. माणूस सज्जन, इंजिनियर पक्का, पण कुठलीही गोष्ट मोजल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. अंघोळीच्या पाण्यातही ते थर्मामीटर बुडवून पाहतात, असं त्यांचा स्वयंपाकी शपथेवर सांगायचा.

तर झालं असं, की मूल गावाहून पोंभुर्ण्याकडे जाणाऱ्या सडकेवर लाकडाच्या एका ट्रकनं दोन शेळ्या चिरडल्या. तक्रार वर गेली. वरून हुकूम खाली आला: गावोगाव जाऊन लोकांचं मत घ्या, आणि मोटारींनी किती वेगानं जावं ते ठरवा.

लोकांचं मत! असा हुकूम आमच्या हापिसात आजवर कोणी पाहिला नव्हता. हेडक्लार्कांनी तो दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला आणि म्हणाले, "विचारायचं हे समजलं. पण ते सांगतील ते लिहायचंही का?"

*

जीपमध्ये आम्ही तिघं. पुढे साहेब, मागे रजिस्टर मांडीवर घेऊन मी, आणि चालवायला इस्माइलभाई. इस्माइलभाईंनी या जंगलात इतकी वर्षं गाडी हाकली होती, की कुठल्या वळणावर कुठलं सांबर आडवं येतं हेसुद्धा ते सांगत.

पहिल्याच गावात घोटाळा. चावडीपुढे गाव जमलं. साहेबांनी विचारलं, "मोटारीचा वेग ताशी पंधरा मैल असावा, की वीस, की पंचवीस?"

एक म्हातारा उठला. "साहेब, पंधरा कसा दिसते अन् वीस कसा दिसते, हे आम्हाले काय मालूम?"

साहेबांना हे पटलं. मोजणाऱ्या माणसाला लगेच पटतं! त्यांनी इस्माइलभाईंना जीप गावावरून पळवायला लावली. एकदा दहानं, एकदा पंधरानं, मग वीस, मग तीस. गाव सडकेच्या कडेला ओळीनं उभं. प्रत्येक फेरीला टाळ्या!

मग तो म्हातारा म्हणाला, "बाहेरून तं पाह्यलं जी. पन आत बसून कसा लागते, ते पाह्यल्याबिगर मत कसं द्यावं?"

झालं. दुपारभर इस्माइलभाई फेऱ्या मारत होते. आधी पंच, मग पंचांचे भाऊ, मग त्यांच्या बायका, शेवटी एक नवरदेव हळदीच्या अंगानं बसून गेला. पेट्रोलचा काटा खाली येत होता आणि साहेबांचा चेहरा त्याच्याबरोबर.

संध्याकाळी साहेबांनी थकून विचारलं, "आता सांगा. किती लिहू?"

म्हातारा विचार करून म्हणाला, "लिवा साहेब. आत बसलो तं तीस, बाहेर उभा राह्यलो तं दहा!"

*

दुसऱ्या गावात एक माजी मालगुजार, म्हणजे जुने जमीनदार, होते. मालगुजारी गेली, पण थाट राहिला होता, आणि थाटाबरोबर एक जुनी मोटारही. त्यांनी साहेबांना ओसरीवर बसवलं, सरबत दिलं आणि म्हणाले, "बाकीच्याइले काय लावायची ते लिमिट लावा. माह्या मोटारीले लिमिट नको."

साहेब म्हणाले, "कायदा सर्वांना सारखा."

"माह्या मोटारीचा वेग माह्या हातात आहे," मालगुजार छाती काढून म्हणाले.

अंगणात चार-पाच गडी उभे होते. त्यातला एक हळूच पुढे आला. "साहेब, लिमिट लावाच. पाचच्या वर नाई म्हनून लिवा."

मालगुजार गरजले, "काऊन रे? तुले काय करायचं आहे?"

तो म्हणाला, "मालक, ढकलून तं आमीच राह्यलो ना!"

*

तिसरं गाव चिचटोला. गाव कसलं, जंगलाच्या तोंडाशी वीसेक घरांचा टोला. सडक अगदी घरांना खेटून जाते, पण प्रवाशांची मोटार थांबते ती दोन कोस पुढच्या फाट्यावर. टोल्यावरून ती नुसती धूळ उडवत निघून जायची.

इथे आम्हाला पार्बताबाई भेटली. टोल्याची सुईण. वाळकं शरीर, कानात पितळी बाळ्या, आणि समोरचा साहेब असो की वाघ असो, डोळ्याला डोळा लावून बोलायची सवय.

"वेग किती असावा?" साहेबांनी विचारलं.

"मोटार थांबली पायजे," ती म्हणाली.

"बाई, थांबा ठरवणं आमच्याकडे नाही. तो मोटार कंपनीचा प्रश्न. आमच्याकडे फक्त वेग."

"मंग कमीत कमी वेग किती लिवता येते?"

"लिहू... दहा मैल."

"दहा मैलात भरल्या दिवसाची बाई चढते का जी?"

पार्बताबाई सांगू लागली. मागल्या पावसाळ्यात सोमी अडली होती. सोमी म्हणजे टोल्यातलीच एक तरणी सून. पार्बताबाईनं तिचे सगळे उपाय करून पाहिले, मग मूलच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. चौघांनी खाट उचलली आणि फाट्याकडे निघाले. वाटेत मोटार त्यांच्या बाजूनं निघून गेली. हात केले, ओरडले, ती थांबली नाही. सोमी वाचली. पोर खाटेवरच गेलं.

"माह्या हातानं झालेली लेकरं मले याद नाईत," पार्बताबाई म्हणाली. "पन ते एक याद आहे."

माझा टाक थांबला होता. खरं सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते मी रजिस्टरवर वाकून लपवलं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "बाई, मला समजतं," ते म्हणाले, "पण या फॉर्मवर थांब्याचा रकानाच नाही. फक्त वेगाचा आहे."

पार्बताबाईनं क्षणभर विचार केला. "वेग कमी करत करत गेलं, का शेवटी थांबतेच ना जी?"

इंजिनियरिंगची परीक्षा पहिल्या वर्गात पास झालेला तो माणूस! त्यांनी खाली मान घालून मला सांगितलं, "दहा लिहा."

*

चिचटोल्याहून निघालो आणि अर्ध्या मैलावर पंक्चर झालं. चाक बदलून पुढच्या गावाला पोचलो, तर चावडीपुढे मोहाच्या झाडाखाली पार्बताबाई बसलेली!

साहेब चकित. "बाई, तुम्ही आमच्या आधी? कशानं आलात?"

"पायानं."

"पण आम्ही जीपनं..."

"तुमची सडक डोंगराले वळसा घालून येते. माही वाट मधातून येते," ती म्हणाली. "अन् माह्या पायाले पंक्चर नाई होत."

सभा सुरू झाली आणि पहिला हात तिचाच वर. चिचटोल्याले मोटार थांबली पायजे! आता साहेबांना नियम सापडला. ते म्हणाले, "इथं फक्त या गावच्या माणसांनी बोलायचं. तुम्ही या गावच्या नाही."

पार्बताबाई उठली. सभेकडे पाहिलं. पुढच्या रांगेतल्या मिशाळ पोलीस पाटलाकडे बोट केलं, मग त्याच्या शेजारच्याकडे, मग मागच्या चार जणांकडे. "हा, हा, अन् हे समदे. याइले याइच्या मायच्या आधी मी पाह्यलं, साहेब. आता सांगा, मी या गावची कशी नाई?"

पोलीस पाटलानं मान खाली घातली. साहेब मला म्हणाले, "लिहून घ्या, बाईंचं म्हणणं." मी पुन्हा तेच लिहिलं. त्या सडकेवरच्या उरलेल्या सगळ्या गावांत मी तेच लिहिलं, कारण प्रत्येक गावात ती आमच्या आधी पोचलेली असायची!

*

आता मोटारवाल्याचं मत. त्या सडकेवर एकच सर्व्हिस आणि तिचा एकच नावाजलेला ड्रायव्हर, शेषराव. सोमीच्या खाटेशेजारून न थांबता गेलेली मोटार त्याचीच. मूलच्या स्टँडवर साहेबांनी त्याला गाठलं.

"तुम्ही किती वेगानं चालवता?"

"मीटर बंद आहे साहेब. मी पासिंजरवरून वळखतो. पासिंजर गोष्टी करून राह्यले, तं पंधरा. गप बसले, तं पंचवीस. रामनाम घ्याले लागले, का पस्तीस."

"आणि त्याच्यापुढे?"

"त्याच्यापुढं मी बी घेतो ना!"

साहेबांनी हे सगळं स्वतः बसून पाहायचं ठरवलं. इस्माइलभाईंना रिकामी जीप घेऊन मागून यायला सांगितलं आणि आम्ही दोघं त्याच मोटारीत चढलो. मागच्या बाकावर कोण? पार्बताबाई. बाजार करून परतत होती. म्हणजे फाट्यावर उतरून दोन कोस मागे चालत जाणार होती, स्वतःच्या घरावरून मोटारीत बसून गेल्यावर!

चिचटोला आला. शेषरावनं गाडी जरासुद्धा हळू केली नाही. साहेबांनी विचारलं, "इथं एक मिनिट थांबलात तर काय बिघडेल?"

"टाइम, साहेब! एका मिनिटाची गुंजाईश नाई. मालक टाइम पाहून राह्यते."

फाट्याच्या अलीकडे एक चढ आहे. चढ संपतो तिथे सडकेच्या कडेला दगडगोट्यांची जुनी रास. आमच्याकडे जंगलात अशा जागा असतात. येणाऱ्या-जाणाऱ्यानं एक गोटा उचलायचा, राशीवर ठेवायचा आणि मग पुढे जायचं. तो तिथला देव. तो वाट सांभाळतो. न ठेवता पुढे गेलेला ड्रायव्हर मी तरी पाहिलेला नाही.

शेषरावनं करकचून ब्रेक लावला. खाली उतरला. एक गोटा उचलला, पसंत पडला नाही, टाकला. दुसरा उचलला, झटकला, राशीवर नीट बसवला, हात जोडले. परत येऊन सावकाश विडी पेटवली आणि गाडी सुरू केली.

साहेबांच्या हातात घड्याळ होतं. "चार मिनिटं लागली!"

शेषराव शांतपणे म्हणाला, "देवाचा टाइम गाडीच्या टाइमात धरत नाई, साहेब."

मी सहज मागे वळून पाहिलं. पार्बताबाई राशीकडे बघत होती. एवढ्या दिवसांत ती पहिल्यांदाच गप्प बसलेली दिसली, म्हणून लक्षात राहिलं.

*

पुढे अहवाल गेला, मंजूर होऊन आला, आणि बोर्ड रंगवून झाले. पांढऱ्यावर काळे आकडे. कुठे वीस, कुठे पंधरा, चिचटोल्याला दहा. इस्माइलभाईंनी ते जीपमध्ये घालून गावोगाव पोचवले आणि आमच्या सडकेच्या गँगच्या माणसांनी पुरले.

कोणी पाळले? कोणीच नाही! शेषराव तर म्हणायचा, "आकडा वाचाले गाडी हळू करा लागते. तेवढा टाइम कुठी आहे?"

पाळायचा प्रयत्न एकाच माणसानं केला. एक दिवस हापिसात एक गाडीवान आला. धोतर गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेलं, चेहरा रडवेला. साहेबांच्या पायाच पडला.

"माफी करा साहेब! सरकारनं पंधरा लिवलं. मी लय हाकलले. पन माहे बैल तीनच्या वर जातच नाईत!"

साहेबांनी त्याला उठवून खुर्चीवर बसवलं, चहा पाजला. त्याला दारापर्यंत पोचवलं. मग मला म्हणाले, "एवढ्या जिल्ह्यात कायद्याचा आदर करणारा माणूस सापडला, आणि त्याच्याकडे बैलगाडी!"

*

आता शेवटचा, आणि मग मला खरंच घरी जायचं आहे.

बोर्ड लागून दोनेक महिने झाले असतील. मोटार कंपनीच्या मालकाची चिठ्ठी आली. मजकूर असा, की चिचटोल्याच्या बोर्डामुळे आमच्या गाड्या पूर्ण थांबतात, टाइमटेबल मोडलं, बोर्ड हलवावा.

साहेबांनी चिठ्ठी मला दोनदा वाचायला लावली. एवढ्या सडकेवर कोणी एकही बोर्ड मानत नाही, आणि चिचटोल्याला दहा लिहिलंय तर गाड्या थेट शून्यावर? आनंद मानावा की काळजी करावी, हे त्यांना समजेना. म्हणाले, "चला, पाहून येऊ."

चिचटोला आला आणि साहेबांनी काही सांगायच्या आधीच इस्माइलभाईंनी जीप थांबवली. उतरले, एक गोटा उचलला आणि बोर्डाकडे चालू लागले. बोर्डाच्या बुडाशी मांडीभर उंचीची गोट्यांची रास! वर ताजी पानं. मधून आमचा बोर्ड डोकं काढून उभा, आकडा तेवढा दिसत होता.

"इस्माइल! हा आपल्या हापिसाचा बोर्ड आहे!"

"मालूम है साहब. मैं ही तो लाया था जीप में."

"मग?"

"मग क्या साहब, सब रखते हैं. मैं अकेला बिना रखे जाऊं?" आणि ठेवला.

चिंचेखाली पार्बताबाई बसली होती. तिच्याजवळ सोमी, पुन्हा भरल्या दिवसांची. बाजूला गाठोडं.

साहेब तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. "बाई, हा काय प्रकार आहे?"

"तुमच्या गँगनं खड्डा हातभरच खोदला जी," पार्बताबाई म्हणाली. "वारा सुटला का बोर्ड डोले. सरकारी वस्तू! पडली तं नाव आमच्यावर येईन. म्हून मी दोन गोटे लावले बुडाशी. दोनच!"

"आणि बाकीचे?"

"बाकीचे मोटारवाल्याइचे."

"मग त्यांना सांगायचं ना, की इथं देव नाही म्हणून!"

"तुमी तं गावोगाव इचारत फिरले साहेब. पन इथी पेन हाय का नाई, हे मले कोनीच नाई इचारलं." पेन म्हणजे तिच्या बोलीत देव.

साहेब कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "बरं, मी विचारतो. आहे का?"

पार्बताबाई हसली. "पेन कोनी बसवत नाई जी. त्याले जागा आवडली, का तो बसते."

तेवढ्यात मूलकडे जाणारी मोटार आली. करकचून ब्रेक. शेषराव उतरला. साहेबांना पाहून नमस्कार केला, पण थांबला नाही. कडेला जाऊन गोटा निवडू लागला. एक उचलला, टाकला. दुसरा उचलला.

सोमी उठली. पार्बताबाईनं गाठोडं घेतलं. सोमीनं एक हात दांड्याला लावला, एक पाय पायरीवर ठेवला, जरा दम खाल्ला, मग दुसरा पाय. तिला अजिबात घाई नव्हती. आतल्या बायांनी सरकून जागा केली. पार्बताबाई तिच्यामागून चढली. शेषराव अजून हात जोडून उभा होता.

मोटार गेली. धूळ खाली बसली. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि खिशात टाकलं. मग ते राशीपाशी गेले आणि एक गोटा उचलला. मला वाटलं, आता रास मोडायची. हुकूम लिहून घ्यायला मी रजिस्टर उघडलं.

साहेबांनी गोटा उलटसुलट करून पाहिला. तो टाकला. दुसरा उचलला, झटकला, राशीवर अगदी मधोमध नीट बसवला. बोर्डाला हात लावून एकदा हलवून पाहिलं.

"लिहा," ते म्हणाले. "बोर्डाचा पाया समक्ष तपासला. मजबूत आहे."